पाठभेदांची मोजणी आणि पाठाचा निवाडा

सरावली, पालघर, केळवे-माहीमपासून वसईपर्यंतच्या उत्तर कोकणाच्या मध्ययुगीन इतिहासाचा विचार ‘महिकावतीच्या बखरी’ला टाळून करता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ एका हाताचा नाही. त्यातील केशवाचार्यांचा भाग शके 1370, म्हणजे इ. स. 1448 मधला असून पुढे निरनिराळ्या काळांत त्यात भर पडत गेली. ग्रामनामे आणि कुळनामे यांनी भरलेल्या अशा ग्रंथात नकलकाराच्या एका चुकीने गाव बदलते, म्हणून छापील पाठ पोथ्यांशी ताडून पाहणे ही निव्वळ पंडिती हौस ठरत नाही.

पोथ्यापोथ्यांतील शब्दांच्या फरकाला पाठभेद म्हणतात आणि त्यांतून मूळच्या सर्वांत जवळचा पाठ ठरविण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले, तर राजवाड्यांनी 1909 मध्ये आपल्या मते एकनाथपूर्व असलेल्या पोथीवरून वेगळी आवृत्ती छापली. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1966 मध्ये पुरी झाली, ती पाठभेद हाताने तक्त्यांत उतरवूनच.

हे उतरवून घेण्याचे कष्ट संगणक वाचवतो. प्रत्येक पोथी अक्षरशः टंकित केल्यावर आज्ञावली समान शब्द एकाखाली एक आणते आणि गाळलेले, वाढवलेले व बदललेले शब्द वेगळे काढते. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका भागाच्या 58 हस्तलिखितांवर पीटर रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवशास्त्रातील वंशवृक्षाच्या आज्ञावली चालवून 1998 मध्ये पोथ्यांची घराणी मांडली. मराठीत ओवी हा आयता टप्पा मिळत असल्यामुळे जुळणी सोपी होते. परंतु मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्दही सलग लिहिलेले असतात, त्यामुळे आधी लेखनाचे समानीकरण करावे लागते, आणि ते अधिक केले तर खरा पाठभेदच पुसला जातो. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेही 2014 मध्ये.

खरी अडचण मात्र पुढची आहे. दोन पोथ्यांत बरोबर शब्द सारखा असणे हा नात्याचा पुरावा नव्हे, कारण तो दोघींनाही मुळापासून आलेला असू शकतो; नाते सिद्ध होते ते समान चुकीवरून, आणि चूक कोणती हे मोजणीला कळत नाही. शिवाय नकलकाराने दोन प्रती समोर ठेवून तिसरी लिहिली, की एकाच आईचे लेकरू गृहीत धरणारा वंशवृक्ष कोलमडतो. एकनाथांनी प्रती ताडल्या त्या याच रीतीने, म्हणजे ज्या उपक्रमाने ज्ञानेश्वरी शुद्ध झाली त्यानेच तिच्या पोथ्यांची वंशावळ गुंतवून ठेवली. अशा ठिकाणी जुन्या मराठीचे व्याकरण आणि छंद जाणणाऱ्या संपादकाचाच निवाडा चालतो. संगणकाचे काम त्याच्यासमोर साक्षीपुरावे बिनचूक मांडण्याचे.

पण साक्षीदारच हजर नसतील तर यंत्र काय ताडणार? पालघर-बोईसर परिसरात ज्यांच्या घरी मोडी वा बालबोध लिपीतील जुनी बाडे असतील, त्यांनी ती गंगेत सोडण्याआधी किंवा रद्दीत घालण्याआधी प्रत्येक पानाचे, समासातील दुरुस्त्या आणि शेवटचा लेखनकाळ यांसह, स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे.