संदेश कोणाचा, हे शेवटचे अक्षर सांगते

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद या तालुक्यांत अनेक घरांत मराठी बोलली जाते, कचेरीचा कारभार कन्नडमध्ये चालतो आणि बाजारात उर्दूही कानावर पडते. तरीही बँका, विमा कंपन्या आणि दुकानांच्या यंत्रणांकडून मोबाइलवर आपोआप येणारे संदेश बरेचदा इंग्रजीत असतात. ग्राहकाच्या भाषेविषयीची बेफिकिरी हे त्याचे एक कारण, पण दुसरे तांत्रिक आहे. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे बसतात. देवनागरी आणि कन्नड लिपीत प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘कलबुर्गी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, यंत्र त्यात आठ चिन्हे मोजते. मजकूर ७० च्या पुढे गेला की संदेशाचे तुकडे होतात आणि पाठवणाऱ्याला प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात.

याचा भुर्दंड वाचणाऱ्याला बसतो. तुरीच्या पीकविम्याची सूचना आणि कर्जाची जाहिरात शेजारीशेजारी येऊन पडतात. इंग्रजी सरावाची नसेल तर दोन्ही सारखीच दिसतात आणि दोन्ही न वाचता पुसली जातात. म्हणून माझे म्हणणे असे, की संदेशांची निवड मजकुरावरून करण्याआधी पाठवणाऱ्याच्या नावावरून करावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम सुधारले. त्यानुसार आता नोंदणीकृत पाठवणाऱ्याच्या नावाअखेरीस आडव्या रेघेपुढे एक रोमन अक्षर असते: जाहिरातीला ‘पी’, सेवेच्या संदेशाला ‘एस’, ओटीपीसारख्या व्यवहाराला ‘टी’ आणि सरकारी संदेशाला ‘जी’. इंग्रजी वाचता न येणाऱ्यालाही चार आकार ओळखता येतात. घरातल्या शाळकरी मुलाने एकदा दाखवून दिले तरी पुरे.

जाहिराती बंद केल्या तर ओटीपीही अडेल, ही भीती या भागात अनेकांना वाटेल, पण ती निराधार आहे. नको असलेल्या जाहिराती थांबवण्यासाठी असलेल्या १९०९ या क्रमांकावर नोंदवलेली बंदी जाहिरातींपुरती असते. व्यवहाराचे आणि सरकारी संदेश तिने अडत नाहीत. नोंद क्रमांकाशी जोडलेली असल्यामुळे सीमा ओलांडून महाराष्ट्रातील उदगीर-उमरग्याला गेले तरी ती कायम राहते. मात्र दुकानात क्रमांक देताना जाहिरातींना आपण स्पष्ट संमती दिली असेल, तर ती या बंदीवर मात करते. ती वेगळी मागे घ्यावी लागते.

फसवणूक करणारा कुठे नोंदणी करतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. बिल थकले, आज रात्री वीज तोडू, अशी धमकी देणारे खोटे संदेश साध्या दहा आकडी क्रमांकांवरूनच देशभर फिरले. पण ओळखीची खूणही तीच. बँकेला किंवा जेस्कॉमसारख्या वीज कंपनीला असे घाऊक संदेश नोंदलेल्या नावानेच पाठवावे लागतात. खासगी क्रमांकावरून आलेली वीजतोडीची नोटीस संशयास्पदच मानावी. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंद न केलेला दुवा असलेला घाऊक संदेश मोबाइल कंपन्यांनी अडवायचा आहे. जाहिरातच ‘एस’ लावून पाठवली, तर काय? तसे घडू शकते, आणि तिथे वर्गवारी तोकडी पडते. पण अशा संदेशाचा मसुदा आधी नोंदवलेला असतो, त्यामुळे तो कोणाचा हे शोधता येते. तक्रारीसाठी संदेश आल्यापासून सात दिवसांची मुदत आहे. नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. तक्रारीत पाठवणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक, तारीख आणि मजकूर द्यावा लागतो, म्हणून नकोसा संदेश तक्रार नोंदवून झाल्यावरच पुसावा.