समान पूर्वधारणा आणि मतभेद

खेळ-सिद्धांतातील खेळाडूला प्रतिपक्षाविषयी अंदाज बांधावा लागतो. इतकेच नव्हे, तर प्रतिपक्षाच्या अंदाजाविषयीही. ही न संपणारी साखळी आटोक्यात आणण्याची रीत जॉन हर्सानी यांनी १९६७-६८ मध्ये दिली. आरंभी सर्वांची संभाव्यतेविषयीची धारणा एकच होती, पुढे प्रत्येकास निराळी खाजगी माहिती मिळाली, असे मानावयाचे. या गृहीतासच समान पूर्वधारणा म्हणतात.

गृहीत साधे दिसते. त्याची निष्पत्ती मात्र साधी नाही. रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले की, अशा दोघांनी एखाद्या घटनेस दिलेली संभाव्यता परस्परांस ज्ञात असेल, आणि ‘त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे’ ही मालिका कोठेही तुटत नसेल, तर त्या दोन संभाव्यता समानच असतात. एकाने ७० टक्के व दुसऱ्याने ४० टक्के म्हणून स्वस्थ बसावे, हे संभवत नाही. कारण समोरच्याचे मत हीदेखील माहितीच होय. मिलग्रॉम व स्टोकी यांच्या १९८२ च्या सिद्धांतानुसार, आरंभीचे वाटप इष्टतम असल्यास केवळ खाजगी माहितीच्या बळावर सट्टाही होऊ शकत नाही. विकणारा विकावयास तयार आहे, एवढ्यावरूनच घेणारा सावध होतो.

प्रत्यक्षात सट्टा चालतोच. मग हे गृहीत टाकावे काय? टाकल्यास कोणत्याही वर्तनाचे ‘त्याची धारणाच तशी’ एवढे स्वस्त स्पष्टीकरण देता येईल. उलट, विवेकी माणसांची पूर्वधारणा एकच का असावी, याचे उत्तर तर्कशास्त्र देत नाही. तात्पर्य, हे गृहीत मनुष्यस्वभावाचे वर्णन नव्हे; मतभेद माहितीतून आला की धारणेतून, हे निवडून पाहण्याचे ते साधन होय. संभाषणाच्या संभाव्यतामूलक प्रतिमानांतही वक्ता व श्रोता यांची पूर्वधारणा बहुधा एकच मानली जाते. म्हणून गैरसमजाच्या अभ्यासकास हा प्रश्न टाळता येणार नाही.