गालिच्याखालची काळी माती

१९६५ साली ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम खुलं झालं तेव्हा आत खरंखुरं गवत होतं. छताला पारदर्शक तावदानं होती आणि त्या झगमगाटात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. मग तावदानं रंगवली. ऊन अडलं आणि गवत मेलं. पुढच्या हंगामात मोन्सँटो कंपनीचं ‘केमग्रास’ तिथे अंथरलं गेलं आणि त्या मैदानावरूनच त्याला ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव चिकटलं. हा किस्सा अनेकांना ठाऊक असतो. मला त्यातली वेगळीच बाब गमतीची वाटते. ह्यूस्टन चिकणमातीवर वसलेलं शहर, पाऊसही धो-धो. पण मैदानाला छप्पर होतं. त्यामुळे कृत्रिम गवत नावारूपाला आलं तेच पाण्याची फिकीर न करता. पुढच्याच वर्षी, १९६७ला, इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट इथल्या उघड्या स्टेडियममध्ये ते अंथरलं गेलं, आणि पावसाशी त्याची गाठ पडली.

पुढचा प्रवास आपल्याकडे हॉकीच्या अंगाने लोकांना माहीत आहे. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. नव्वदच्या दशकात लांब पात्यांचं, मध्ये वाळू आणि रबराचे दाणे भरलेलं गवत आलं. २००४मध्ये फुटबॉलच्या नियमांनी कृत्रिम मैदानाला जागा दिली. आज आपण ज्याला नुसतं ‘टर्फ’ म्हणतो आणि तासाच्या बोलीवर बुक करतो, ते याच घराण्यातलं. बंगल्यांच्या अंगणात आणि गच्चीवर त्याचं बिनदाण्यांचं भावंड आलं. कोविडनंतर तर तालुक्याच्या गावांतही हमरस्त्यालगत जाळ्या लावलेली बॉक्स क्रिकेटची मैदानं उभी राहिली.

या सगळ्या काळात वरचं पातं बदलत गेलं. नायलॉन गेलं, पॉलिथिलीन आलं. खालची माती मात्र ज्याची त्याला. कोकणात जांभा, त्यात पाणी मुरतं. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिकचा बराच भाग इथे काळी माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि चार पाऊस झाले की त्याच भेगा अशा मिटतात की थेंब खाली जात नाही.

विक्रेता गालिचा उलटा करून त्याची भोकं दाखवतो. ‘साहेब, पाणी थांबतच नाही.’ गालिच्यात थांबत नाही हे खरंच. पण खाली काळी माती असेल तर पाण्याने भरलेल्या परातीत सतरंजी अंथरल्यासारखा प्रकार होतो. जुलैत पाय ठेवला की पचपच, आणि पुढच्या मे महिन्यात मध्येच खोलगट झालेली जागा. अशा मातीत पाणी खाली मुरेल ही आशा सोडून ते आडवं बाहेर काढायचं असतं.

या मातीचं शास्त्र आपल्याकडे फार आधी तयार झालं होतं, फक्त ते गवतासाठी नव्हतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात काळ्या मातीच्या फुगण्यावर काम केलं. कालव्यांची अस्तरं आणि इमारतींचे पाये उचलले जात होते, त्याला त्यांनी उपाय सुचवला : वर साधारण मीटरभर जाडीचा, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर. चांगला मुरूम बऱ्याचदा या कसोटीला उतरतो. अंगणासाठी मीटरभर खोदायची कोणाची तयारी नसते, आणि गरजही सहसा नसते. फूट-दीड फूट काळी माती काढायची (ती न्यायला बागवाले तयारच असतात), तळालाच उतार द्यायचा, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, मग मुरूम, पाणी मारून रोलरने दाबलेला. घट्ट मुरमातून पाणी फारसं खाली जात नाही, आणि नेमकं तेच हवं असतं. त्यावर खडी, तिच्यातून पाणी उताराने कडेला सरकतं आणि कडेच्या चरातल्या छिद्रांच्या पाइपमध्ये उतरतं. सगळ्यात वर बारीक कच आणि मग गालिचा. उतार शंभर फुटांना फूटभर पुरतो, म्हणजे तीस फुटांच्या अंगणात साडेतीन-चार इंच.

कापडावर लोक पैसे वाचवतात. पण ते नसेल तर ओली माती भरावात घुसते, भराव मातीत रुततो आणि दोन पावसाळ्यांत त्या थराला थर म्हणायची सोय राहत नाही. दुसरा लाडका मार्ग म्हणजे सरळ तीन-चार इंच काँक्रीट ओतणं. दिसायला पक्कं. पण काठाची माती भिजते, मधली कोरडी राहते; काठ उचलले जातात आणि मध्ये तडा. जवळ कडुनिंब असेल तर त्याची मुळं ओल ओढून घेतात आणि त्या बाजूने जमीन खचते. वरून हिरवं असल्याने तडा दिसत नाही, चेंडू वाकडा वळतो तेव्हा कळतो.

उन्हाळ्यातलं तापणं हा वेगळाच विषय; भर उन्हात या पात्यांचं तापमान साठ अंशांपुढे जातं. रबराच्या दाण्यांवर युरोपीय संघाने २०२३मध्ये बंदी ठरवली, ती मैदानांसाठी २०३१पासून लागू होईल. आपल्या गावांत सध्याचा तंटा त्याहून साधा आहे. पाइप काढला, पण सोडायचा कुठे? दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर पडत गेल्याने रस्ते उंच झालेत आणि जुन्या बंगल्यांची अंगणं खाली गेलीत. पाइपचं तोंड गटाराच्याही खाली राहतं. मग कोपऱ्यात सिमेंटची टाकी, तिच्यात छोटा पंप, आणि नेमकी पावसात वीज गेली की मालक रेनकोट घालून बादलीने उपसत असतो.