स्मारक नाणी व त्यांचा संग्रह
स्मारक नाणी : एखादी घटना, व्यक्ती वा संस्था यांच्या स्मरणार्थ शासनाने काढलेली नाणी. शिवाजी महाराजांचा होन राज्याभिषेकाशी (१६७४) निगडित असला, तरी तो राज्याचे नियमित चलन होता. म्हणून त्याची गणना या वर्गात करणे योग्य नव्हे.

स्वतंत्र भारतातील पहिली स्मारक नाणी जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर १९६४ मध्ये निघाली. त्यांत पन्नास पैसे व एक रुपया ही मूल्ये होती. पन्नास पैशांच्या नाण्यावर नेहरूंचे नाव काही नाण्यांत इंग्रजीत, तर काहींत देवनागरीत आढळते. संग्राहक हे दोन स्वतंत्र प्रकार मानतात. गांधी जन्मशताब्दीच्या (१९६९) दहा रुपयांच्या नाण्याचे वजन १५ ग्रॅम असून त्यात ८० टक्के रुपे होते. या १२ ग्रॅम रुप्याची किंमत पुढे दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट झाली. संत ज्ञानेश्वर (१ रुपया) व छत्रपती शिवाजी (२ रुपये) यांची नाणी १९९९ सालची आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे २०१० सालचे नाणे १,००० रुपयांचे आहे. अशी नाणी व्यवहारात येत नाहीत, ती संग्राहकांना दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किंमतीस विकली जातात.

टांकसाळ सालाखालील खुणेवरून ओळखतात. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा व नोएडाची ठिपका असून कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते. एकाच नाण्याची टांकसाळीनुसार दुर्मिळता बदलते, त्यामुळे केवळ चित्र पाहून किंमत ठरविणे फसवे ठरते. संग्राहकांसाठीची ‘प्रूफ’ नाणी घासून चकचकीत केलेल्या चकत्यांवर तशाच ठशांनी एकाहून अधिक वेळा दाब देऊन पाडतात. त्यांची पार्श्वभूमी आरशासारखी व आकृती धुरकट दिसते.

नाणे घासून उजळणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. चिंच, राख वा पॉलिश यांनी वरचा थर जातो, बारीक रेघोट्या उमटतात व तो दोष कायमचा राहतो. नाणे कडेने धरावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून झिरपणाऱ्या द्रव्यामुळे धातूवर हिरवट चिकट थर येतो, म्हणून ती टाळावीत.

चलनात लाखोंनी आलेली नाणी सामान्यतः दर्शनी मूल्याच्याच आसपास राहतात. तरीही त्यांना लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती करून ‘शुल्क’ उकळले जाते. रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा २०२१ मध्ये दिला. बँक अशी खरेदी-विक्री करीत नाही व त्यासाठी शुल्कही आकारीत नाही.