तुरुंगातल्या माणसाला पत्र पाठवायचेय? हक्क कोणता, पत्र कोण वाचते आणि काय लिहावे?

जुळे सोलापूर : घरातला माणूस तुरुंगात गेला की पहिले आठ दिवस घरचे तीन ठिकाणी धावतात. पोलिस ठाणे, वकील आणि कोर्ट. जामीन लांबला की धावपळ थंडावते आणि मग प्रश्न उरतो तो संपर्काचा. आत असलेला माणूस सोलापूर जिल्हा कारागृहात असेल तर मुलाकातीला जाता येते. पण त्याला येरवड्याला किंवा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात हलवले, तर प्रत्येक भेट म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा प्रवास, बुडालेला रोज आणि काचेपलीकडची मोजकी मिनिटे. आसरा चौकातून पहाटेची रिक्षा पकडून ‘हुतात्मा’ने पुण्याला जायचे आणि रात्री परत यायचे, हे महिन्यातून किती वेळा जमणार?

अशा वेळी अडीच रुपयांचे आंतरदेशीय पत्र हा सगळ्यात स्वस्त मार्ग असतो. तरी तो बहुतेकांना सुचत नाही. पत्र पोहोचते का, ते कोण वाचते, त्यामुळे केसवर काही परिणाम होतो का, याची माहिती नसते. त्या प्रश्नांची ही उत्तरे.

आत नेमके कोण आहे?

तुरुंगात असलेला प्रत्येक माणूस शिक्षा भोगत असतो, हा मोठा गैरसमज आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या कारागृह अहवालानुसार देशातील तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजार २६६ होती आणि आत ५ लाख ७३ हजार २२० जण होते. त्यातील ४ लाख ३४ हजार ३०२ जण, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते. बोलीभाषेत ज्यांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात ते हे. त्यांचा खटला सुरू आहे किंवा सुरू व्हायचा आहे. गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही.

म्हणजे दर चारपैकी तिघे निकालाची वाट पाहत आहेत. त्यांना शिक्षेचा शेवटचा दिवस माहीत नसतो, कारण शिक्षाच झालेली नसते. पत्राची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते.

पत्र पाठवण्याचा हक्क आहे का?

आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत कैद्याला कुटुंबीय, नातेवाईक आणि मित्रांशी पत्रव्यवहार करण्याची मुभा दिली आहे. कैद्याने महिन्याला किती पत्रे पाठवावीत, हे राज्याच्या नियमांवर सोडले आहे. मात्र त्याला येणाऱ्या पत्रांच्या संख्येवर मर्यादा नसावी, असे नियमावली सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तील ५८ वा नियमही तेच सांगतो : आवश्यक देखरेखीखाली कैद्याला घरच्यांशी आणि मित्रांशी नियमित संपर्क ठेवू द्यावा, पत्राने आणि भेटीने.

‘देखरेखीखाली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हक्क आहे, पण खासगीपणा नाही.

न्यायालयाने काय म्हटले आहे?

या विषयावरचा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे. प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. सरकारने नकार दिला. पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत नियमांत कुठे दिलेली नाही, अशी सरकारची भूमिका होती.

मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील फेटाळले. निकालाचा साधा अर्थ असा : स्थानबद्ध माणसावर नियमांत लिहिलेली बंधनेच घालता येतात. नियमांत मनाई नाही, ती गोष्ट ‘परवानगी दिलेली नाही’ म्हणून अडवता येत नाही.

दुसरे प्रकरण तिहार तुरुंगाचे. फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा या कैद्याने आतल्या दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १९७९ मध्ये कैद्यांच्या हक्कांवर महत्त्वाचा निकाल दिला. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील पोलिस कोठडीत महिलांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पाठवलेले पत्रही सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. महिला आरोपींसाठी स्वतंत्र कोठडी आणि अटक झालेल्यांना मोफत कायदेशीर मदत, याबाबतचे निर्देश त्यातून आले. एका टपालाच्या पाकिटातून एवढे घडू शकते.

पत्ता कसा लिहायचा?

पत्र हरवण्याचे एक मोठे कारण अपुरा पत्ता असते. एकाच नावाचे चार जण आत असू शकतात. म्हणून पुढील गोष्टी लिहाव्यात :

– कैद्याचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. कोर्टाच्या कागदावर आहे तसेच.
– बंदी क्रमांक. तो मुलाकातीच्या नोंदीवेळी विचारून घ्यावा. बरॅक किंवा सर्कल माहीत असेल तर तेही लिहावे.
– ‘मार्फत अधीक्षक’ आणि कारागृहाचे नाव. उदाहरणार्थ : येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे ४११००६.
– पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि नाते. निनावी पत्र अडकण्याची शक्यता जास्त.

पोस्टकार्ड ५० पैशांना आणि आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळते. दोन्हींच्या आत काही लपवता येत नसल्याने तपासायला सोपी जातात. पाकीट पाठवायचे तर आत फक्त कागद असावा. नोटा, औषधे, अंगारा-धागा असे काही घालू नये. पैसे पाठवायचे असतील तर मनीऑर्डर आहे. मर्यादा आणि पद्धत कारागृहात विचारावी.

पत्र कोण वाचते?

आत जाणारे आणि बाहेर येणारे प्रत्येक पत्र अधीक्षकांच्या अखत्यारीत तपासले जाते. सुरक्षेला धोका, कटाची भाषा, सांकेतिक मजकूर असे काही वाटल्यास पत्र रोखता येते. कैद्याला वाचता येत नसेल तर पत्र त्याला वाचून दाखवावे लागते. अनेकदा हे काम बरॅकमधला शिकलेला सोबती करतो. थोडक्यात, पत्र किमान तीन जण वाचतील असे धरूनच लिहावे.

म्हणूनच काही जण पत्राऐवजी कुणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवायचा प्रयत्न करतात. हे अजिबात करू नये. नियम डावलून कैद्याशी संपर्क साधणे किंवा बंदी असलेली वस्तू आत पोहोचवणे हा १८९४ च्या कारागृह कायद्यापासूनच गुन्हा आहे. त्या कायद्याच्या कलम ४२ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. मोबाइलसाठी तर त्याहून कडक शिक्षा असावी, अशी केंद्राने २०२३ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या आदर्श कायद्याची दिशा आहे. चिठ्ठी पकडली गेली तर त्रास बाहेरच्यापेक्षा आतल्याला जास्त होतो : भेटी आणि सवलती बंद होऊ शकतात.

मग लिहायचे काय?

आधी काय लिहू नये ते पाहू. केसबद्दल लिहू नये. त्या दिवशी कोण कुठे होते, साक्षीदार काय म्हणतो, फिर्यादीच्या घरी कोण जाऊन आले, यातले एक वाक्यही पत्रात नको. हे बोलण्याची जागा वकिलाची भेट. न्यायाधीन बंद्याला वकिलाशी तिसऱ्या माणसाच्या अनुपस्थितीत बोलता यावे, ही तरतूद ब्रिटिशकालीन कायद्यातही होती.

पण एक माहिती जरूर लिहावी : कोर्टाची पुढची तारीख. अनेक न्यायाधीन बंद्यांना ती माहीतच नसते. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे कळते. ज्या घरात स्मार्टफोन आहे तिथे हे दोन मिनिटांचे काम आहे. ती तारीख, वकिलाचे नाव आणि फोन नंबर पत्राच्या सुरुवातीलाच लिहावा.

बाकी पत्र घरचे असावे. मुलीला चाचणीत किती गुण पडले, नळाला पाणी किती दिवसांनी येते, गड्ड्याच्या जत्रेत पोरांनी काय हट्ट केला, आईची शुगर आता किती आहे. बाहेरच्याला या गोष्टी किरकोळ वाटतात. आतल्या माणसाला मात्र घर आपल्याला धरून चालते आहे, एवढे यातून कळते.

वाईट बातमीचे काय? आजारपण किंवा मृत्यू लपवून ठेवण्याकडे घरच्यांचा कल असतो. पण अशी बातमी बरॅकमध्ये दुसऱ्याच्या तोंडून कळली तर घाव दुप्पट होतो. शिवाय वेळ महत्त्वाची असते. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार हे अभिवचन रजेचे, म्हणजे पॅरोलचे, कारण ठरू शकते. न्यायाधीन बंद्याला त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. म्हणून अशी बातमी पत्रावर न सोडता त्याच दिवशी कारागृहाला आणि वकिलाला कळवावी. पत्र त्यानंतर, सविस्तर.

मुलांच्या पत्राबाबत घराघरांत वाद होतो. ‘बाबा कामाला गेलेत’ असे सांगितलेले असते, मग पत्र कसे लिहायचे? याचे एकच उत्तर नाही. पण मुलाने काढलेले चित्र कुठलेही स्पष्टीकरण न देता पाठवता येते.

पत्राने सुटका लवकर होते का?

थेट नाही. पण माहिती पोहोचली नाही म्हणून सुटका लांबते, हे खरे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत घालवलेल्या न्यायाधीन बंद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. अटकेची तारीख आणि लावलेली कलमे घरच्यांनी लिहून ठेवली तर हा हिशेब त्यांनाही करता येतो.

वकील परवडत नसेल तर कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

फोन आणि व्हिडिओ कॉल असताना पत्र कशाला?

‘ई-मुलाकात’वर नोंदणी करून व्हिडिओ भेट घेता येते. येरवड्यात २०२३ मध्ये स्मार्ट कार्डवरील फोनही सुरू झाला. या सोयी वापराव्यातच. पण त्यांना वेळ ठरलेली असते, मिनिटे मोजलेली असतात आणि अर्धी ‘ऐकू येतंय का’ विचारण्यात जातात. पत्र उशाशी ठेवता येते आणि रात्री पुन्हा वाचता येते.

संपर्काचा पुढच्या आयुष्यावरही परिणाम होतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने २०११ मध्ये सोळा हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आत असताना भेटायला कुणी येत होते, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी आढळली. अभ्यास भेटींचा होता, पत्रांचा नव्हे. पण बाहेर आपले कुणीतरी आहे, हा धागा दोन्हींत सारखाच आहे.

त्याच अमेरिकेत उलटा प्रवाहही आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये अमली पदार्थांचे कारण देऊन कैद्यांची पत्रे थेट तुरुंगात घेणे थांबवले. पत्रे फ्लोरिडातील एका खासगी कंपनीकडे जातात, स्कॅन होतात, कैद्याला प्रत मिळते आणि मूळ कागद नष्ट होतो. मजकूर पोहोचतो, पण आईच्या हाताचा कागद पोहोचत नाही. आपल्याकडे अजून मूळ पत्रच हातात पडते.

येरवड्याचे जुने टपाल

तुरुंगातल्या पत्रांची महाराष्ट्राला ओळख जुनी आहे. अंदमानातून सावरकरांना वर्षाला एक पत्र पाठवता येत असे. १९३० मध्ये गांधीजींनी येरवड्यातून दर मंगळवारी साबरमती आश्रमाला पत्रे लिहिली; त्यांचेच पुढे ‘मंगलप्रभात’ झाले. गांधीजी येरवड्यात असतानाच, १२ जानेवारी १९३१ रोजी, सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना त्याच तुरुंगात फाशी देण्यात आली. सोलापूरहून पहाटे पुण्याला जाणाऱ्या गाडीचे ‘हुतात्मा’ हे नाव त्यांच्यावरूनच आले आहे. आजही त्या गाडीत येरवड्याच्या मुलाकातीला निघालेले कुणी ना कुणी बसलेले असते.

थोडक्यात

– पूर्ण नाव, बंदी क्रमांक, ‘मार्फत अधीक्षक’ आणि स्वतःचा पत्ता लिहा.
– पत्र तपासले जाते. केसबद्दल एक अक्षर नको.
– कोर्टाची पुढची तारीख आणि वकिलाचा नंबर सुरुवातीलाच लिहा.
– हाती चिठ्ठी पाठवू नका. तो गुन्हा आहे.
– उत्तर यायला वेळ लागतो. तोवर दुसरे पत्र टाका. येणाऱ्या पत्रांना मर्यादा नाही.