साडेआठचा आकडा

पहाटे ५.१०
लातूरजवळचं, मांजरा नदीकाठचं शिवार. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा. ऊसतोडीची टोळी फडात शिरलीय. पाचटावर एवढं दव, की दोन-चार मोळ्या बांधेस्तोवर बाह्या कोपरापर्यंत भिजतात. तोडणीचा दर टनावर, आणि तोही जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. थंडी म्हणून अर्धा तास अंथरुणात काढला तर गाडी उशिरा भरते, कारखान्यावर नंबर मागे पडतो. शेकोटी आहे, पण ती फडाबाहेर, लेकरांसाठी.

पलीकडच्या बांधावर बॅटरीचा उजेड हलतो. ते गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. कानटोपी, स्वेटरवर जाकीट, खिशात पेन्सिल. थंडीत पेन कधी चालतं, कधी नाही.

५.५०
पहिला काटा गवतावरचा. दोन बुटक्या खुंट्यांवर आडवा ठेवलेला तापमापक, गवताच्या पात्यांना जेमतेम न टेकणारा. आकडा ४.९. तिथून दहा पावलांवर, चार फूट उंचीच्या पेटीत ९.१. एकच शेत, एकच मिनिट, फरक चार अंशांचा.

आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत राहते. आधी ती स्वतः गार होते, मग तिच्या अंगची हवा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठतात, फोटो येतात, आणि पारा मात्र शून्याच्या वर असतो. लोकांना वाटतं कुणीतरी खोटं बोलतंय. खोटं कुणीच बोलत नाही. बर्फ पानावर असतो, तापमापक पेटीत.

६.५०
सूर्य वर येतोय. आग्नेयेला अवसेआधीची चंद्राची कोर फिकट होत चाललीय. थंडी उलट वाढली. गुरुजींना हेच दाखवायचं होतं. सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्य उगवतानाची असते. कोवळं ऊन जेवढं देतं त्याहून जास्त जमीन अजून गमावत असते. ते पारडं फिरेपर्यंत पारा उतरतो. पेटीत आता ८.६.

८.३०
दिवसाचं खरं काम आता. घड्याळ मोबाइलवर लावून घेतलेलं. साडेआठच का? कारण तेव्हा ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरच्या वेधशाळा त्याच क्षणी नोंद घेतात. पुण्याच्या शिवाजीनगरला, परभणीला, आणि इथे या हरभऱ्याच्या बांधावरही.

पेटी पांढरी, चारही बाजूंना झडपा. वारा आत फिरतो, ऊन शिरत नाही. दार उत्तरेला, म्हणजे वाचताना तापमापकावर ऊन पडत नाही. हे डोकं थॉमस स्टीव्हन्सन यांचं, स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणारे अभियंते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्यांचे चिरंजीव. गुरुजींची पेटी गावच्या सुताराने केली. लाकूड आणि मजुरी मिळून चार हजार. दर दिवाळीला पांढऱ्या ऑइलपेंटचा एक हात.

आत चार तापमापक. किमानाच्या नळीत स्पिरिट, आणि त्यात एक बारीक काळी कांडी. गारठ्याने स्पिरिट आकसतं, कांडीला मागे ओढतं. ऊब आली की ते कांडीला वळसा घालून पुढे जातं, कांडी जागेवर राहते. रात्रीची साक्ष तीच. गुरुजी श्वास रोखून, डोळा नळीच्या पातळीत आणून वाचतात. तोंडाच्या वाफेनेही पारा हलतो. ८.६. वहीत लिहून झाल्यावरच नळी तिरकी करून कांडी परत टोकाला आणायची. आधी लिहायचं, मग हलवायचं.

ओल्या फुग्याच्या तापमापकाला मलमलीची पट्टी आणि वात. वात डबीतलं पाणी पीत राहते. विहिरीचं पाणी वापरलं तर क्षार धरतात, म्हणून गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणायचं. बाटली तीस रुपये, महिनाभर पुरते. कोरडा आणि ओला, यांतल्या फरकावरून हवेतला ओलावा काढायचा. आज फरक अर्ध्या अंशाचा.

९.१५
नांदेडहून स्नेह्यांचा फोन. तेही हौशी. तिकडे ७.९. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदाकाठी, बरंच खाली. उंचीच्या हिशोबाने लातूर अंशभर तरी गार हवं. पण शांत रात्री गार हवा जड होऊन उतारावरून वाहते आणि नदीच्या खोलगटात साचते. औराद शहाजानीचा पारा असाच घसरतो. तेरणा-मांजराच्या संगमाचं गाव ते.

चहाच्या टपरीवर एकजण विचारतो, “गुरुजी, लाट आली म्हणायची का?”
“नाही. मैदानात लाट म्हणायला पारा दहावर किंवा खाली हवा, शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश कमी हवा. सरासरी साडेबारा धरली तर आठपर्यंत उतरावं लागेल.”
“आमचे हात तर आत्ताच वळंनात.”
“ते खरंय. पण वहीत हात नाही लिहीत.”

११.३०
हरभऱ्यात बाया खुरपतायत. हजेरी तीनशे. सकाळी दवाने पाय गारठतात, म्हणून नऊनंतर येतात आणि संध्याकाळी तेवढं जास्त थांबतात. बोलणं येळवशीचं, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाचं. चार दिवसांवर आलीय. भज्जीला वालाच्या शेंगा किती, आंबिलीला ताक कुणाकडून. एक मावशी ओरडते, “गुरुजी, येळवशीला कडब्याची कोप गार पडंल का?” थंडी टिकली की हरभरा भरतो, हे तिला गुरुजींनी सांगायची गरज नाही.

२.४५
स्वेटर खांद्यावर. पारा २८.८. पहाटेपासून वीस अंशांची चढण, एका दिवसात. कोकणात हिवाळ्यात एवढी तफावत सहसा पडत नाही. समुद्र पडू देत नाही.

शाळा सुटलेली दोन पोरं पेटीपाशी. गुरुजी त्यांना सेल्सिअसची गोष्ट सांगतात. १७४२ मध्ये त्या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपली मोजपट्टी उलटी मांडली होती. पाणी उकळतं तिथे शून्य, गोठतं तिथे शंभर. सुलटी ती नंतर झाली. “म्हणजे तेव्हा थंडीत आकडा वाढायचा?” पोरगं विचारतं. गुरुजी खूश.

५.३०
दुसरी नोंद. कमाल २९.१. या नळीच्या गळ्याशी अरुंद जागा असते. चढलेला पारा आपोआप उतरत नाही. वाचून झालं की घट्ट धरून झटकायचा. हात निसटला तर नवा आणायला दीड-दोन हजार, म्हणून पायाखाली आधी गोणपाट अंथरलेलं. वारा उत्तरेचा राहिला नाही. पूर्वेकडून येतोय, आणि क्षितिजावर पातळ ढग आहेत.

रात्री ९.२०
शेजारचा शेतकरी दारात. या आठवड्यात थ्री-फेज रात्री साडेदहाला येते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रभर वाफ्यात उभं राहायचं.

“किती उतरंल आज?”
“बाराच्या खाली नाही. ढग चढलेत, जमिनीची ऊब वर निसटायची नाही. बंगालच्या उपसागराकडून ओल येतीय.”
“मग आज भिजवून घेतो. थंडी कमी तेवढी बरी.”
“भिजवा. पण दोन दिवस ढग राहिले तर घाटेअळी वाढंल. कामगंध सापळे बघा.”
“फवारणीला माणूस सांगून ठेवू का? टाकीला चाळीस मागतोय.”
“आधी मोजा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तरच पैसे घाला. उद्या साडेआठची नोंद झाली की मी येतो, दोघं मिळून मोजू.”