माप आणि वजन

पूर्वी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत धान्य बहुधा तोलून न देता मापून देत असत. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, असे ते कोष्टक होते. वजनाचाही शेर असे. परंतु मापाचा शेर आणि वजनाचा शेर यांचा मेळ प्रत्येक जिनसाच्या बाबतीत सारखा बसत नसे.

याचे कारण उघड आहे. माप हे पदार्थाने व्यापलेली जागा सांगते. वजन त्याचा भार सांगते. समजा, एका वाटीत २०० मिलिलिटर पाणी मावते. त्या पाण्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम भरेल. त्याच वाटीत गोडेतेल सुमारे १८५ ग्रॅम, साखर सुमारे १७० ग्रॅम आणि हलक्या हाताने भरलेले गव्हाचे पीठ अवघे १०० ग्रॅमच्या आसपास मावते. कारण पिठाच्या कणाकणांमध्ये हवा असते. म्हणून अर्धा किलो साखर घ्यावयाची तर तीन वाट्या पुरतात. अर्धा किलो पिठाला मात्र पाच वाट्या लागतात. दोन्ही जिनसांच्या तीन तीनच वाट्या घेतल्या, तर पदार्थ बिघडल्यावाचून राहणार नाही.

माप कसे भरले, यालाही महत्त्व आहे. पीठ दाबून भरले की त्याचे वजन वाढते, चाळून भरले की घटते. धान्याच्या मापावर काठाच्या वर जी रास चढते, तिला ‘शीग’ म्हणतात. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. सपाट मापाने उसने दिलेले धान्य शिगेच्या मापाने परत घेतले, तर मापांची संख्या तीच राहते. परंतु ऋणकऱ्याच्या कणगीतले धान्य मात्र अधिक जाते. ज्याच्या घरी पसाभर धान्यालाही मोल आहे, त्याला हा फरक जड जातो.

भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला व १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. तरीही स्वयंपाकघरात वाटी आणि चमचा यांचे राज्य कायम आहे. त्यांचा मेळ वजनाशी घालणे अवघड नाही. प्रथम रिकाम्या वाटीचा धडा करावा, म्हणजे तिच्या भाराइतके वजन दुसऱ्या पारड्यात घालावे. मग वाटी जिनसाने भरून काठाशी सपाट करावी आणि तोलावी. वाढलेले वजन त्या जिनसाचे होय. असे प्रत्येक जिनसाचे वजन एकदा लिहून ठेवले, म्हणजे तीच वाटी पुढे तराजूचे काम करते.

मात्र वाटी तीच असावी आणि भरण्याची रीतही तीच असावी. देताना व घेताना जो एकाच रीतीने माप भरतो, त्याच्याच मापावर लोक विश्वास ठेवतात.